परतीचं धरून चाल

पोरा,

तुझा मेसेज वाचला. शिवाजी पेठेतनं निघालास, रंकाळा गाठलास, कडेकडेनं शालिनी पॅलेसच्या अंगाला गेलास आणि तिथं पायांनी नाही म्हटलं. कट्ट्यावर बसून घाम पुसलास, रिक्षा केलीस आणि घरी आईला सांगितलंस, 'मस्त फिरून आलो.' मग रात्री अकराला मला विचारतोस, 'काका, मला परत नीट चालता येणार का?'

चालता येतंय हे तू दाखवलंसच की. तुला वळता येत नाही. सगळी भानगड तिथं आहे.

हृदयाची झडप बदललीय, इको चांगला आलाय, डॉक्टरांनी चाल म्हणून सांगितलंय, तेव्हा धीर देण्यात मी शाई घालवत नाही. एकच गोष्ट सांगणार आहे आणि कंटाळा येईपर्यंत सांगणार आहे. अंगात परतीचं बळ शिल्लक आहे तोवरच वळायचं. दमल्यावर वळलास तर उशीर झाला असं समज, कारण घर अजून तेवढंच लांब असतं. निघताना जितकं सोपं वाटतं तितकं येताना वाटत नाही, आणि ऑपरेशननंतरच्या पहिल्या दोन-तीन महिन्यांत तर हा फरक फार मोठा असतो.

का असतो, ते समजून घे. तुला वाटलं हृदय दमलं. माझ्या मते बहुतेक तुझ्या मांड्या दमल्या. ऑपरेशनच्या आधी कित्येक महिने तू धाप लागते म्हणून जिनासुद्धा टाळत होतास, मग आयसीयू, मग वॉर्ड, मग घरी कॉट. अंथरुणावर पडून राहिलं की सगळ्यात आधी पायांची ताकद जाते. वर ऑपरेशनमध्ये रक्त कमी होतं, ते भरून यायला काही आठवडे लागतात. छाती दुखते म्हणून माणूस पोक काढून, अर्धा श्वास घेत चालतो. दुरुस्त झालेलं हृदय बिचारं तयार आहे, पण त्याला वाहून नेणारी माणसं आजारी आहेत. आणि तू त्यांना पहिल्याच महिन्यात रंकाळ्याला फेरी मारायला नेलंस!

रंकाळ्याची फेरी चार किलोमीटरच्या वर आहे, हे तुला मी सांगायला नको. फेरीची खोड अशी, की निम्म्यावर पोचलास की मागं फिरणं आणि पुढं जाणं सारखंच लांब. तलावाभोवती परतीचा रस्ताच नसतो. म्हणून माझा हट्ट ऐक. तीन महिने फेरी नाही, येरझारा. सपाट, सरळ, बसायला कट्टे असलेला एक तुकडा धर. जायचं, वळायचं, यायचं. लोक हसतील. मला अजून हसतात, 'सर, पुढं का येत नाही, तिकडं वाघ बसलाय का?' हसू देत.

येरझाऱ्या हे म्हाताऱ्याचं खूळ आहे असं वाटत असेल तर तुझ्या फिजिओथेरपिस्टला सहा मिनिटांच्या चालण्याच्या चाचणीबद्दल विचार. तीस मीटरच्या सरळ बोळात, दोन टोकांना खुणा ठेवून, माणसाला सहा मिनिटं इकडून तिकडं चालवतात आणि किती अंतर झालं ते मोजतात. मधे दम लागला तर थांबायची, भिंतीला टेकायची मुभा असते, घड्याळ तेवढं चालू राहतं. चाचणीत थांबलेलं चालतं आणि तुला रस्त्यात थांबायची लाज वाटते. कुणाची लाज?

आता ते घड्याळ. दहा हजार पावलं पुरी झाली नाहीत म्हणून ते तुझ्या मनगटावर थरथरतं, असं लिहिलंयस. हा आकडा कुठल्या हृदयाच्या डॉक्टरानं शोधलेला नाही. १९६५ मध्ये जपानात पावलं मोजायचं एक यंत्र बाजारात आलं, त्याच्या नावातच दहा हजार पावलं होती. विक्रीसाठी बरा दिसणारा आकडा. छातीचं हाड तारेनं बांधलेल्या पोरासाठी तो काढलेला नाही. ती सूचना बंद कर. ठोक्यांचा आकडाही फार बघू नकोस. ठोके मंद ठेवायची गोळी तुला चालू असेल, तर पाय थकले तरी घड्याळ 'सगळं ठीक' म्हणेल. त्यापेक्षा बोलून बघ. चालताना पूर्ण वाक्य एका दमात बोलता आलं पाहिजे. वाक्य तुटायला लागलं की वेग कमी कर, आणि चालता चालता गाणं म्हणता येत असेल तर थोडा वाढवायला हरकत नाही. कोल्हापूरच्या माणसाला बोलत चालायला सांगावं लागतं, हेच नवल.

पण वेग कितीही बरोबर असू दे, परतीचं धरलं नसलंस तर फुकट.

माझ्या वडिलांचं तुला कधी बोललो नाही. त्यांना हृदयविकाराचा झटका आला तेव्हा मी शाळेत होतो. त्या वेळी आपल्याकडं उपाय एकच, झोपून राहणं. लघवीलासुद्धा उठू द्यायचं नाही. तिकडं अमेरिकेत सॅम्युएल लिवाइन आणि बर्नार्ड लाऊन या दोन डॉक्टरांनी १९५२ मध्येच अशा पेशंटांना खुर्चीत बसवायचा आग्रह धरला होता, पण ते वारं आमच्या घरापर्यंत पोचायला फार वेळ लागला. वडील बरे झाले, पण चालणारे वडील मला परत मिळाले नाहीत. कुस्ती बघायला खासबागेत पायी जाणारा माणूस दाराच्या उंबऱ्यावर भिंत धरून उभा राहायचा. कुणी त्यांना दारातनं वळणापर्यंत आणि वळणापासून दारापर्यंत रोज नेलं असतं तर? हा 'तर' माझ्या डोक्यातनं जात नाही. म्हणून तुझी आई जेव्हा म्हणते, 'पाण्याचा तांब्या मी आणून देते, तू ऊठ नकोस,' तेव्हा तिचा हात धर आणि सांग की तांब्या मीच आणणार.

फक्त उठताना हातांचा जोर लावू नकोस. तू तालमीत वाढलास, कशालाही हात टेकून उसळी मारायची सवय आहे तुला. छातीचं हाड सांधायला सहा ते आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीन महिने. तोवर खुर्चीतनं उठताना पुढं वाक, दोन्ही हात छातीशी घे आणि पायांवर ऊठ. खोकला आला की उशी छातीशी घट्ट धर. भरलेली बादली, सिलिंडर, भाची, यातलं काही उचलायचं नाही. बाईकचं तर नाव काढू नकोस, आपल्या रस्त्यांवरचा एक खड्डा पुरे आहे. जोर कधी मारायचे हे मला विचारू नकोस. डॉक्टरांना विचार, आणि ते जे म्हणतील ते वस्तादाचा शब्द म्हणून ऐक. धातूची झडप आणि रक्त पातळ करायची गोळी घेऊन परत आखाड्यात उतरायचं मनात असेल, तर ते आत्ताच काढून टाक. ती गोळी चालू असताना डोक्याला लागलं तर आत रक्तस्राव होऊ शकतो. कडक बोलतोय, पण हे मऊ शब्दांत सांगण्यासारखं नाही.

त्याच कारणानं पावसाळ्यात पंचगंगेच्या घाटावर जायचं नाही. पायऱ्यांना शेवाळ धरतं. पाऊस कोसळत असेल तर घरात माजघर ते परसदार येरझारा घाल. कंटाळवाणं आहे, मान्य. पण घरात चालायचा फायदा असा की परतीचं अंतर कायम चार पावलं असतं. चांगल्या दिवशीच माणूस फसतो. ऊन कोवळं असतं, अंग हलकं वाटतं, मित्र भेटतात आणि आपण वळायचं विसरतो.

मी विसरलो नाही, म्हणूनच घरात बोलणी खाल्ली. माझ्या बायपासच्या दुसऱ्या वर्षी चैत्रात तुझ्या काकूबरोबर जोतिबाला चालत निघालो. नवस तिचा होता, दोघांनी मिळून डोंगर चढायचा. पायथा ओलांडला, चढण सुरू झाली, गर्दी, गुलाल, 'चांगभलं'चा गजर. छातीत काही दुखत नव्हतं. पण बोलताना माझं वाक्य तुटायला लागलं होतं आणि उतरायला पाय लागणार हे मला कळत होतं. मी थांबलो. म्हटलं, तू जा. ती गेली, एकटीच. वरनं गुलाल घेऊन आली, माझ्या कपाळाला लावला आणि घरी येईपर्यंत बोलली नाही. पुढं तिच्या गुडघ्यांनी साथ सोडली आणि तो डोंगर दोघांनी चढायचा राहिला तो राहिलाच. ते मला टोचतं. पण वळलो ते बरोबर वळलो. मेहुणे अजून म्हणतात, अर्ध्या तासाचा तर प्रश्न होता. अर्धा तास चढायचा होता, उतरायचं कोण धरणार? उन्हात, त्या गर्दीत मी खाली बसलो असतो तर तिला नवस फेडायचा की मला उचलायचं? मला कुणी भित्रा म्हणो. भित्रा माणूस रोज घराबाहेर पडत नाही, मी पडतो.

असो. तुला सांगता सांगता मेहुण्यांशी भांडायला लागलो.

तर उद्यापासून असं कर. दारातनं निघ, पाच मिनिटं चाल आणि अगदी ताजातवाना असलास तरी वळ. परत येऊन बस. दम पाच-दहा मिनिटांत उतरला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंग मोडलेलं नसलं, तर आणखी दोन दिवसांनी प्रत्येक बाजूला एक-दोन मिनिटं वाढव. दुसऱ्या दिवशी गळून गेल्यासारखं वाटलं तर आदल्या अंतरावर ये, त्यात अपमान काही नाही. जेवल्यावर तासभर तरी निघू नकोस, दुपारी उन्हात नकोच. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. मधे एखादा दिवस उगाच रडू येईल. ऑपरेशननंतर पुष्कळांना येतं, मलाही यायचं, आणि त्या दिवशीसुद्धा पाच मिनिटं जाऊन यायचं.

मात्र चालताना छातीत दुखलं, बसल्यावरही धाप उतरेना, अंधारी आली, ठोके सैरभैर झाले, तर माझी वळायची गोष्ट बाजूला ठेव. जिथं आहेस तिथंच बस आणि मदत बोलाव, रिक्षाला हात करून घरी जायचं नाही. जीभ अडखळली किंवा एका बाजूचा हात लुळा पडला तर एक मिनिटसुद्धा वाट बघायची नाही, थेट हॉस्पिटल. जखमेतनं पाणी, ताप, छातीच्या हाडात कटकट, एकाच पोटरीला दुखरी सूज, दोन दिवसांत दोन किलो वजन वाढणं, यातलं काही दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. आणि खिशात एक चिठ्ठी ठेव: नाव, ऑपरेशन कुठलं, गोळ्या कुठल्या, आईचा नंबर. त्या दिवशी कट्ट्यावर बसून तू एखाद्या मित्राला फोन केला नाहीस, याचा मला सगळ्यात जास्त राग आलाय.

पुढच्या तपासणीला जाताना वही घेऊन जा. बाईक कधी, वजन किती, जिना किती मजले, आयएनआर (रक्त किती पातळ झालंय तो आकडा) किती हवा, झडप बिघडवणाऱ्या लहानपणच्या त्या संधिवाताच्या तापासाठीचं पेनिसिलिनचं इंजेक्शन किती वर्षं घ्यायचं, हे आधी लिहून ने, कारण डॉक्टरांसमोर बसलं की निम्मं आठवत नाही. आणि रिक्षानं घरी आलास हे आईला आज सांग. उद्या सकाळी ती तुझ्याबरोबर येऊ दे. पाच मिनिटांनी तू वळला नाहीस तर ती वळवेल.

तुझा,
काका