साडेचार हजारांचा लिक्विड कूलर घ्यायचा तर घ्या, पण बिल मावसभावाच्या नावावर नको

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावजवळच्या खानापुरात राहता, पीसीत इंटेलचा आय५-१२४००एफ प्रोसेसर आहे, डब्यातून आलेल्या पंख्यावर रेंडर करताना ८५ अंशांवर जातोय, म्हणून साडेचार हजारांचा २४० एमएमचा एआयओ (पंप, नळ्या आणि रेडिएटर एकत्र असलेला बंद लिक्विड कूलर) कोल्हापुरातून मागवताय, घेऊ का? एवढंच असतं तर मी काही लिहिलं नसतं. पण शेवटी तुम्ही सहज म्हणून टाकलंय की "मावसभाऊ कोल्हापुरात असतो, बिल त्याच्याच नावावर करतोय, शनिवारी येताना घेऊन येईल." ते वाचून बायकोला म्हटलं, हे बघ, अजून एक निघाला.

मी हार्डवेअरवाला नाही. बेळगावच्या उद्यमबागेतल्या एक-दोन पॅटर्न शॉपना (ओतकामाचे साचे करणाऱ्यांना) कास्टिंगची ड्रॉइंग आणि टूलपाथ, म्हणजे मशीनचं हत्यार कसं फिरायचं तो मार्ग, घरून करून देतो. त्यामुळं खालचं सगळं एका माणसाच्या अनुभवाएवढंच धरा. पेस्ट किती लावायची, प्रोसेसरला टेकणाऱ्या कोल्ड प्लेटवरची प्लास्टिकची पट्टी काढायची, हे तुम्हाला येत असणारच, ते सोडून देतो.

माझ्याकडं रायझन ७ ५८००एक्स. १०५ वॅटचा प्रोसेसर, डब्यात कूलर येतच नाही, आणि त्याची मर्यादा ९० अंश. कुणीतरी म्हणालं लिक्विड लाव. (आमच्या बाबांना "लिक्विड कूलर" म्हटल्यावर हापिसात प्यायच्या पाण्याचा असतो तसला वाटला होता. किती लिटरचा, म्हणून विचारलं.) बेळगावात त्या वेळी हवा तो मिळेना. मेहुणा कोल्हापुरात, त्याच्या ओळखीचं दुकान, दोनशे रुपये कमी. बिल त्याच्या नावावर, पत्ता त्याचा, मोबाईल त्याचा. बिलावर सीरियल नंबर नाही. मी तेव्हा म्हटलं, काय बिघडतंय, घरचाच माणूस आहे. माझी सगळ्यात महाग पडलेली चूक ती. बाकीच्या सगळ्या चुका पन्नास-शंभर रुपयांच्या होत्या.

चौदा महिने झकास चालला. मग गणपतीच्या आदल्या आठवड्यात, रात्री साडेअकराच्या सुमाराला, कॅबिनेटमधून आवाज यायला लागला. टाकीतलं पाणी संपत आलं की मोटर हवा ओढते ना, तसा. स्क्रीनवर ९० आणि सगळं मंदावलेलं. बाजूचं पॅनेल काढून हात लावून बघितलं. प्रोसेसरजवळच्या दोन नळ्यांपैकी एक चटका देणारी, दुसरी गार, आणि वरचा रेडिएटर देवळातल्या फरशीसारखा थंड. पंखे मात्र जोरात फिरत होते. म्हणजे पाणी जागचं हलतच नव्हतं. ही खूण लक्षात ठेवा: प्रोसेसर तापलेला आणि रेडिएटर गार असेल तर पंप गेला किंवा आत काहीतरी अडकलं. पंखे साफ करत बसू नका, मी अर्धा तास तेच केलं.

वॉरंटी तीन वर्षांची होती. दुसऱ्या दिवशी फोन लावला. पलीकडच्या मुलीनं पिनकोड विचारला. ५९० ऐकल्याबरोबर म्हणाली, सर, तुमचं केंद्र बेंगळुरू. पार्सल पाठवलं, खर्च माझा. नऊ दिवसांनी तिथून मेल आली की बिल महाराष्ट्रातलं आहे, ग्राहकाचं नाव वेगळं, पाठवणाऱ्याचं नाव वेगळं, तरी विकलेल्या ठिकाणी संपर्क साधावा. विकलेलं ठिकाण म्हणजे सीमेवरच्या कोगनोळी टोलनाक्याच्या पलीकडं, कोल्हापुरात. तिथं गेलो तर काउंटरवरचा माणूस म्हणाला, आम्ही फक्त विकतो, आणि तुम्ही कर्नाटकातले, तुमचं बेंगळुरूच. मी म्हटलं, बिल तर इथलं. तर म्हणाला, मग बिलावरच्या माणसाला घेऊन या. बिलावरच्या माणसाची बदली तोवर नाशिकला झालेली.

मग संमतीपत्र, मेहुण्याचं आधार, माझं आधार. पत्रात मी सवयीनं "रा. बेळगाव" लिहिलं. आधारवर "बेळगावी". १ नोव्हेंबर २०१४ ला सरकारी कागदावर गावाचं नाव बदललं, आमच्या हातातनं अजून जुनंच जातं. त्यांच्या सिस्टीमनं पत्ता जुळत नाही म्हणून अर्ज परत पाठवला. यावर हसावं की रडावं कळेना. एका साध्या पंपापायी मला माझं गाव कुठलं ते शाबीत करायला लागलं. इथं जन्मलेल्याला हे नवीन नाही म्हणा, शेताचा उतारा काढायला जा नाहीतर मुलाचा दाखला, तोच खेळ. सीमाप्रश्नाचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे, त्या मानानं माझा पंप दोन महिन्यांत सुटला म्हणायचा.

सुटला तोसुद्धा ग्राहक हेल्पलाइनला, म्हणजे १९१५ ला, फोन केल्यावर. तिथं पहिला प्रश्न आला, खरेदी कुणी केली? परत तेच बिल. नंतर वाचनात आलं की खरेदी करणाऱ्याच्या संमतीनं वस्तू वापरणाराही कायद्यानं ग्राहकच, आणि २०१९ च्या ग्राहक कायद्यात आपण जिथं राहतो तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार देता येते, विक्रेत्याच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फीसुद्धा नाही. मी वकील नाही, पण हे सीमेवरच्या माणसानं पाठ करून ठेवावं. हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि इतके दिवस झोपलेली मेल चार दिवसांत जागी झाली.

कूलरचे पैसे सोडा. एका फाउंड्रीचं चालू काम त्या आठवड्यात दुसऱ्याकडं गेलं आणि आजवर परत आलेलं नाही. शिवाय बिल माझ्या नावावर नसल्यामुळं जीएसटीचं क्रेडिट मिळालं नाही ते वेगळंच. दोनशे रुपये वाचवले होते ना!

आता तुमच्या प्रश्नाकडं येतो. माझं मत विचाराल तर १२४००एफ ला एआयओ नकोच. तो ६५ वॅटचा, फार झालं तर ११७ वॅटपर्यंत जातो. त्याला २४० चं पाणी म्हणजे दोन माणसांच्या भाताला लग्नातलं पातेलं. इंटेलच्या या चिपची मर्यादा १०० अंश आहे, ८५ ला काही जळत नाही, डब्यातला पंखा केकाटतो एवढंच. चार हीटपाइपचा (उष्णता वर नेणाऱ्या नळ्यांचा), १२० एमएम पंख्याचा साधा टॉवर कूलर लावा. मात्र तो दीडशे-एकशेसाठ एमएम उंच असतो, कॅबिनेटच्या काचेला टेकत नाही ना ते आधी मोजा. त्याच्याही आधी एक फुकटचा प्रयोग करा. बाजूचं पॅनेल काढून तेच रेंडर चालवा. सात-आठ अंश उतरले तर दोष कूलरचा नाही, कॅबिनेटमध्ये वारा नाही.

पुढं इंटेलचा १४७००के प्रोसेसर घ्यायचा विचार असेल तर गोष्ट वेगळी. तो २५३ वॅट खातो, आणि तिथं साडेचार हजारांचा २४० अपुरा पडेल. एक तर ३६० एमएमचा घ्या किंवा बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये, वॅटची मर्यादा घाला. मर्यादा घालण्याला लोक उगाच कमीपणा मानतात. माझा कूलर फिरतीवर असताना मित्राच्या रायझन ५६०० च्या डब्यातला छोटा पंखा आणला, बायोसमध्ये नावाला ६५ वॅटचा इको मोड लावला. पूर्ण लोडला प्रत्यक्षात १४२ वॅट खाणारा प्रोसेसर ८८ वर आला. चाळीस मिनिटांचा टूलपाथ चव्वेचाळीस मिनिटांत व्हायला लागला. चार मिनिटं! एवढ्यासाठी मी पाण्याच्या भानगडीत पडलो होतो.

तरीही घ्यायचाच असेल (काचेतून दिवे बरे दिसतात, मी समजू शकतो), तर स्वस्त एआयओ कसा पारखायचा ते सांगतो.

व्हिडिओत दहा मिनिटं चाचणी घेऊन आकडा दाखवतात, त्यावर जाऊ नका. एवढं पाणी तापायला वेळ लागतो. हवेचा कूलर काही मिनिटांत स्थिरावतो, पाण्याचा वीस-तीस मिनिटं घेतो, तोवर तो चांगलाच दिसणार. निदान अर्धा तास पूर्ण लोड द्या आणि खोलीचं तापमान लिहून ठेवा. आकडा नुसता वाचायचा नाही, त्यातून खोलीचं तापमान वजा करायचं. डिसेंबरात १८ अंशांच्या खोलीतले ६८ आणि एप्रिलमधल्या ३४ च्या खोलीतले ८४ म्हणजे एकच कूलर, तेच काम.

पंपाची वायर मदरबोर्डावर पंपासाठी म्हणून जी जागा असते तिथंच लावा आणि वेग पूर्ण ठेवा. पंख्याच्या जागेवर लावली तर बोर्ड गारव्याला पंप हळू करतो. पंखे किती हळू फिरवायचे ते फिरवा, पंपाला हात लावू नका.

बसवताना पंप सगळ्यात उंच येता कामा नये. बंद कूलरमध्येही थोडी हवा असतेच, आणि नळीच्या रबरातून वर्षागणिक पाणी उडून ती वाढत जाते. हवा वर चढते. वर रेडिएटर असेल तर ती तिथं पडून राहते, पंप असेल तर पंप कोरडा फिरतो. आमच्या व्हीएमसी (धातू कापायची संगणकी मशीन) चालवणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, कूलंटच्या टाकीची पातळी उतरली की काय होतं ते रोज बघतात. त्यांच्या टाकीत ओतता तरी येतं, स्वस्त एआयओत बहुतेक भरायला तोंडच नसतं. रेडिएटर छताला लावायचा तर साधारण २७ एमएम रेडिएटर आणि २५ एमएम पंखा, म्हणजे ५२ एमएम जागा हवी, आणि खाली रॅम आडवी येता कामा नये. स्वस्त कॅबिनेटात नेमकी तिथंच बोंब असते.

आत तांब्याची प्लेट आणि अॅल्युमिनियमचा रेडिएटर असतो, दोन धातू एकाच पाण्यात. गंज रोखायचं काम त्या पाण्यातल्या औषधाचं, आणि ते औषध बरं की वाईट हे विकत घेताना कुणालाच दिसत नाही. त्यामुळं कंपनी चूक कबूल करते का, हे मी जास्त बघतो. आर्क्टिकनं २०२२ मध्ये स्वतःच जाहीर केलं की लिक्विड फ्रीझर २ च्या काही नगांतलं गॅस्केट गळू शकतं, आणि दुरुस्तीचं किट फुकट दिलं. असली कंपनी असेल तर पाण्याला भ्यायचं कारण नाही. तुम्ही घेताय ती काय करेल, ते विकत घेण्याआधी मेल करून विचारा: गळून ग्राफिक्स कार्ड गेलं तर कोण भरणार, आणि बिल दुसऱ्या राज्यातलं असेल तर माल कुठं घेणार? उत्तर आलं नाही तर तेच उत्तर समजा.

आणि हो, पावसाळ्यात इथं भिंतींना ओल येते, तशी नळ्यांवर पाणी सुटेल का, असंही विचारलंय तुम्ही. नाही सुटत. एआयओ खोलीपेक्षा गार होतच नाही, मग दव कुठनं धरणार? तांबड्या धुळीची काळजी करा, ती रेडिएटरच्या जाळीत गच्च बसते. महिन्यातून एकदा मऊ ब्रश फिरवा.

डबा उघडला की सगळ्यात आधी सीरियल नंबरच्या स्टिकरचा फोटो काढा. माझ्या कूलरवर तो रेडिएटरला होता, पंख्याच्या आड. बसवल्यावर दिसतच नव्हता, नंतर नंबर सांगण्यासाठी पुन्हा सगळं खोलावं लागलं. तो नंबर दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्या. कुरकुर करतात, पण लिहून देतात.

माझा बदलून आलेला कूलर सध्या माळ्यावर डब्यात आहे, बिल वरच चिकटवलेलं. पीसीला हवेचा टॉवर लावलाय.

मावसभावाला आत्ताच फोन करा. माल त्यानं आणला तरी चालेल, पण नाव तुमचं, आणि पत्ता आधारवर आहे तसाच, खानापूर तालुका, जिल्हा बेळगावी. तिथं अभिमान दाखवू नका. कॅबिनेटचं मॉडेल सांगितलंत तर छताला ५२ एमएम जागा निघते का ते मी बघून सांगतो.