नोकरी सांभाळून टेकडीवर माउंटन बायकिंग करणाऱ्या आणि तिथल्या वाटांची डागडुजी करणाऱ्या माणसाचा आठवडा कसा असतो?

प्रश्नाच्या खाली तुम्ही आणखी दोन गोष्टी विचारल्या आहेत. कोथरूडला नव्याने राहायला आलोय, सायकल कुठली घेऊ? आणि स्वयंसेवक वाटेवर नेमकं करतात काय? सायकलचं उत्तर छोटं आहे, ते शेवटी देते. वाटेचं मोठं आहे आणि ते फारसं कुणी विचारत नाही, म्हणून आधी ते.

मी पुण्यात पौड रोडला राहते, नोकरी हिंजवडीला. म्हणजे रोजचे दोन-अडीच तास गाडीत बसून जातात आणि उरलेल्या दिवसात जे काही करायचं ते सकाळी आठच्या आत. उजाडलं की घरातून निघायचं, वेताळ टेकडीवर चढायचं, खाणीपर्यंत जाऊन उतरायचं, डबा भरायचा आणि कामाला लागायचं. टेकडी समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर, शहरातली सर्वांत उंच. आपण मुळात साडेपाचशेच्या वर राहतो, त्यामुळे प्रत्यक्ष चढ दोनशे-सव्वादोनशे मीटरचाच. पण तो मुरमावरचा चढ आहे. मे महिन्यात मुरूम इतका सुटा होतो की चाक गोट्यांवरून गेल्यासारखं घसरतं, आणि डांबरी रस्त्यावर पन्नास किलोमीटर सहज मारणारी माणसंही तिथे उतरून सायकल ढकलताना दिसतात. शनिवार-रविवारी जमलं तर सिंहगडाच्या पायथ्याकडे किंवा पानशेतच्या बाजूच्या बैलगाडीच्या वाटांवर. तिथे एकच पथ्य: बांधावरून जायचं नाही, आणि शेतात कुणी दिसलं तर थांबून विचारायचं. बहुतेक वेळा वाट तर सांगतातच, वर पाणीही विचारतात.

हे झालं सायकल चालवण्याचं. बाकीचा वेळ जातो पाण्यामागे.

टेकडीवरची वाट खराब होते ती मुख्यतः पावसाच्या पाण्याने. चाकं आणि बूट त्या पाण्याला फक्त जागा करून देतात. उतारावर कुणी मागचा ब्रेक आवळून चाक फरफटवत गेलं की जमिनीवर एक घळ पडते, जेमतेम बोटभर खोल. पहिला जोराचा पाऊस आला की पाणी त्या घळीत शिरतं, मुरूम सोबत घेऊन जातं, आणि ऑगस्टपर्यंत तिथे घोट्याएवढा चर तयार होतो. मग लोक चर टाळून कडेच्या गवतातून चालू लागतात. गवत मरतं, जमीन उघडी पडते, शेजारी दुसरी वाट होते. पुढच्या वर्षी तिसरी. एके ठिकाणी एकमेकींना लागून चार समांतर वाटा झाल्या आहेत, मधे गवताचे पुंजके तेवढे शिल्लक. लांबून तो डोंगर ओरबाडल्यासारखा दिसतो.

त्यामुळे वाट राखायची म्हणजे पाणी वाटेवर रेंगाळू द्यायचं नाही, एवढं एक काम. त्याचे ठोकताळे जगभरातल्या वाटा बांधणाऱ्यांनी ठरवलेले आहेत आणि ते इथेही चालतात. वाट डोंगराच्या कुशीतून आडवी जायला हवी. तिचा चढ सरासरी दहा टक्क्यांच्या आसपास असावा, आणि ज्या उतारावरून ती जाते त्या उताराच्या निम्म्यापेक्षा जास्त कधीच नसावा. त्याहून जास्त झाला की पाणी वाट ओलांडून खाली न जाता वाटेवरूनच धावायला लागतं. शिवाय वाटेला दरीच्या बाजूला किंचित कल हवा, पाचेक टक्के, चालताना जाणवणारही नाही इतका. आणि थोड्या थोड्या अंतरावर वाट जराशी खाली जाऊन पुन्हा वर चढावी, म्हणजे त्या खोलगट जागी पाणी आपोआप बाहेर पडतं.

आपल्या टेकड्यांवरच्या जुन्या वाटा अर्थातच असं काही ठरवून झालेल्या नाहीत. गुरं, सरपण आणणाऱ्या बायका आणि फिरायला येणारे लोक यांनी त्या पाडल्या. गुरांच्या वाटा बऱ्याचदा उत्तम असतात, कारण म्हैस सरळ चढावर उगाच दम घालवत नाही. सगळ्यात वाईट वाटा म्हणजे माणसांचे शॉर्टकट. वरून खाली सरळसोट उतरणारे. यातले बरेचसे, सांगायला लाज वाटते पण, सायकलवाल्यांच्या हौसेचे आहेत.

प्रत्यक्ष काम कसं चालतं ते सांगते. जूनच्या सुरुवातीला, पाऊस यायच्या आत, आम्ही सात-आठ जण कुदळ, फावडं, घमेलं घेऊन पाणी बाहेर पडायच्या जागा मोकळ्या करतो. वर्षभरात वाटेच्या दरीकडच्या काठावर माती साचून बारीक बांध तयार झालेला असतो, तो आधी फोडायचा. मग वाटेला अर्धगोल, उथळ बशीसारखा उतार द्यायचा, दीड-दोन मीटर रुंद. नवखा माणूस इथे हमखास अरुंद आणि खोल नाली खणतो. ती पहिल्याच सरीत गाळाने भरते, शिवाय अंधारात कुणाचा तरी पाय त्यात मुरगळतो. काम झालं की बाटलीतलं पाणी वाटेच्या वरच्या बाजूला ओतायचं आणि ते कुठे जातं ते बघायचं. बशीतून बाहेर गेलं तर झालं. वाटेवरूनच खाली धावलं तर पुन्हा कुदळ हातात.

खरी तपासणी मात्र भर पावसात होते. पुण्यात वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो, कोकणाच्या मानाने काहीच नाही, पण त्यातल्या दोन-चार सरी अशा येतात की तासाभरात सगळं उघडं पाडतात. तेव्हा सायकल घरी ठेवायची, रेनकोट घालून चालत वर जायचं. पाणी कुठून वाटेत शिरतं, कुठे लाल होऊन धावतं, कुठे तुंबतं, हे त्या वेळी जसं दिसतं तसं कोरड्या दिवशी दहा फेऱ्या मारूनही कळत नाही. फोनवर फोटो काढून ठेवायचे आणि पाऊस ओसरला की त्या जागा दुरुस्त करायच्या. माझी सासू मला पावसात फावडं घेऊन बाहेर पडताना बघते तेव्हा शेजारणीला सांगते, "आमची सून कार्पोरेशनमध्ये लागली." मी ते खोडून काढत नाही.

पावसाळ्यात सायकल चालवावी का, हा वादाचा मुद्दा आहे. माझं मत असं: मुरमाच्या वाटा एका दिवसाच्या उघडिपीत बऱ्यापैकी सुकतात, तिथे जा. काळ्या मातीचे पट्टे चार दिवस सुकत नाहीत, तिथे जाऊ नका. टायरला माती चिकटून फोर्कमध्ये, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या दांड्यांमध्ये, अडकायला लागली की मागे फिरायचं. आणि डबकं आलं तर मधून जायचं, कडेने नाही. बूट भिजतील, भिजू द्या. कडेने गेलात की डबकं पुढच्या आठवड्यात दुप्पट रुंद झालेलं असतं.

एक गोष्ट ठळकपणे लिहिते, कारण उत्साही मुलं इथेच गोत्यात येतात. टेकडीवरची बरीच जमीन वन खात्याची आहे. तिथे परवानगीशिवाय कुदळ मारायची नाही, नवी वाट पाडायची नाही, उडी मारायला मातीचे ढीग रचायचे नाहीत, फांद्या तोडायच्या नाहीत. हेतू कितीही चांगला असो. आधी वनरक्षकांना भेटायचं, काय करणार ते सांगायचं, ते हो म्हणतील तेवढंच करायचं. बऱ्याचदा त्यांचीच कामं निघतात: घाणेरीची झुडपं काढणं, बाटल्या-पिशव्या गोळा करणं, आणि पाऊस संपल्यावर जाळरेषांचं गवत कापणं. कुसळी गवत डिसेंबरपर्यंत वाळून कडकडीत होतं. कुणीतरी विडी टाकतो आणि वणवा टेकडीचा आख्खा उतार खाऊन जातो. जाळरेषा म्हणजे गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, आग तिथे अडते. आमचं काम गवत कापून बाजूला ओढण्यापुरतं, जाळायचं काम खात्याच्या माणसांचं. त्या दिवसानंतर आठवडाभर मोज्यांतून कुसळं निघत राहतात, धुतल्यावरसुद्धा. मोजे फेकून द्यायचे, हा त्यावरचा एकमेव उपाय.

हिवाळ्यात गिरिपुष्पाची पानं गळतात. वन खात्याने ही झाडं इथे भरपूर लावली आहेत. पानांच्या थराखाली दगड दिसत नाही आणि वळणावर चाक निसटतं. वळणावरची पानं पायाने बाजूला सारली तरी पुरे.

मार्चपासून टिटव्या. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या मुरमावर चार अंडी घालते. अंड्यांचा रंग मातकट, वर काळपट ठिपके. तीन फुटांवर उभं राहूनही ती खड्यांतून वेगळी ओळखू येत नाहीत. ओळखायचं ते टिटवीच्या वागण्यावरून: ती डोक्यावर घिरट्या घालत ओरडायला लागली, किंवा पंख पाडून लंगडल्यासारखी एका बाजूला पळायला लागली, की समजायचं आपण अंड्यांजवळ आहोत. सायकल उचलायची, आलो त्याच चाकोरीने मागे जायचं. गेल्या उन्हाळ्यात एक जोडी अगदी उतरणीच्या काठावर बसली होती. पिल्लं चालती होईपर्यंत आम्ही ती वाट सोडूनच दिली. जागेभोवती दगड रचायचे, दोरी बांधायची असले प्रकार करू नका. त्याने उलट कुत्र्यांना आणि फोटोवाल्यांना पत्ता मिळतो.

आता माणसं. टेकडी आधी चालणाऱ्यांची आहे, सायकलवाले नंतर आले, हे मनात पक्कं असू द्या. चालणाऱ्याला नेहमी वाट द्यायची, चढणाऱ्या सायकलला उतरणाऱ्याने वाट द्यायची. मागून जाताना वीस-पंचवीस फुटांवरूनच वेग कमी करायचा आणि "काका, उजवीकडून येते हं" असं मोठ्याने म्हणायचं. काका दचकून नेमके उजवीकडेच सरकतात, तेव्हा ब्रेकवर बोटं असू द्या. एक आजी मला पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "रस्ते कमी पडले का गं तुम्हाला?" आता त्याच आजी कुठे दगड सुटलाय, कुठे फांदी पडलीये, हे सांगतात. कॅनमधून पाणी आणून रोपं जगवणारी मंडळी आहेत, उन्हाळ्यात रोज वर येतात. त्यांच्या आळ्यावरून चाक घातलंत तर जे ऐकून घ्यावं लागेल ते योग्यच असेल. टेकडीवरून न्यायच्या बालभारती-पौड फाटा रस्त्याच्या विरोधात २०२३ च्या एप्रिलमध्ये मोर्चा निघाला, तेव्हा हीच मंडळी आणि आम्ही एकत्र चाललो. टेकडीच राहिली नाही तर वाटेवर पहिला हक्क कुणाचा, या भांडणाला जागा कुठली?

आणखी एक. अंधार पडल्यावर वर थांबू नका, एकट्याने तर नाहीच. लूटमारीचे प्रकार झालेले आहेत. मी बाई आहे म्हणून सांगत नाही, पुरुषांचेही फोन गेलेत.

सायकल. पहिल्या वर्षी हार्डटेल घ्या, म्हणजे फक्त पुढे सस्पेंशन असलेली. पुण्याच्या टेकड्यांना तेवढी पुरते. चाकं २९ इंची, उंची कमी असेल तर साडेसत्तावीस. हायड्रॉलिक (तेलाच्या दाबावर चालणारे) डिस्क ब्रेक हवेतच, उतारावर एका बोटाने लागतात आणि चाक फरफटत नाही, म्हणजे वाटही वाचते. दोन्हीकडे जाड स्प्रिंग लावलेल्या स्वस्त सायकली माउंटन बाइक म्हणून विकल्या जातात, त्या घेऊ नका. वजन तेवढं वाढतं, बाकी काही होत नाही. वापरलेली चांगली मिळाली तर बिनधास्त घ्या, फक्त जाणत्या मेकॅनिकला दाखवून. फ्रेमवर चीर आणि फोर्कमधून तेल गळतंय का, ते आधी बघायचं.

टायर ट्यूबलेस करून घ्या. टेकडीवर हिवर-बाभळीचे काटे इतके की ट्यूब असेल तर हातात पंप घेऊनच फिरावं लागतं. ट्यूबलेसमध्ये काटा घुसला तर भोक खाली येईल असं चाक फिरवून थांबायचं, टायरच्या आत ओतलेला चिकट द्रव, म्हणजे सीलंट, ते बुजवतं. आपल्या उन्हाळ्यात सीलंट दोन-तीन महिन्यांत सुकतं, ते तपासत राहा. साधारण सत्तर किलोच्या माणसाने हवा २५ ते ३० पीएसआयच्या मधे ठेवावी. पेट्रोल पंपावरचा माणूस मोटरसायकलच्या हिशेबाने भरतो, म्हणून घरी मापाचा पंप हवा. चिखल धुवायला बादली आणि ब्रश. सर्व्हिस सेंटरच्या जोराच्या फवाऱ्याने बेअरिंगमधलं ग्रीस निघून जातं आणि महिन्याभरात पेडलपाशी करकर सुरू होते. हेल्मेट आणि हातमोजे पहिल्या दिवसापासून. गुडघ्याचे पॅड तुम्ही एकदा पडल्यावर स्वतःहूनच घ्याल.

पण सायकल घ्यायची घाई नसेल तर जूनपर्यंत थांबा आणि आधी डागडुजीला या. त्याला सायकल लागत नाही. टोपी, दोन बाटल्या पाणी, पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि जुने बूट एवढं पुरे, कुदळी आमच्याकडे आहेत. दोन रविवार घमेली वाहिलीत की कुठली वाट कशी आहे हे पायांना कळलेलं असेल, आणि शोरूममधला मुलगा काय काय गळ्यात मारू पाहतोय तेही लक्षात येईल. काम संपल्यावर खाली उतरून मिसळ असते. तिचे पैसे पहिल्या दिवशी नव्या माणसाकडून घेत नाही.