आजोबांच्या बहिणीची फाईल मागता येईल का?

प्रश्न : आमच्या कुलवृत्तांतात आजोबांच्या धाकट्या बहिणीच्या नावापुढे नुसती रेघ आहे. सासरच्यांनी तिला १९५४ साली सरकारी मनोरुग्णालयात ठेवलं, १९६१ साली ती तिथेच वारली. नव्या आवृत्तीत तिची नोंद करायची आहे. रुग्णालयात विचारलं तर "गोपनीय आहे, कोर्टाची ऑर्डर आणा" म्हणाले. थोरले काका म्हणतात, छापलंस तर अब्रुनुकसानीची केस करीन. – एक वाचक, सातारा

उत्तर : तोंडी नकारावर थांबू नका. माहिती अधिकाराचा लेखी अर्ज द्या. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, विषय एकच, मजकूर दीडशे शब्दांच्या आत. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधन नाही.

अर्जात कलम ८(३) आवर्जून लिहा. वीस वर्षांपूर्वीच्या घटनेची माहिती देशाची सुरक्षा, विधिमंडळाचे विशेषाधिकार आणि मंत्रिमंडळाचे कागद एवढे अपवाद सोडून द्यावीच लागते. 'वैयक्तिक माहिती' हे कारण त्या अपवादांत नाही. रुग्णालय बहुधा मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ चं कलम २३ पुढे करेल. पण गोपनीयतेचा तो हक्क रुग्णाचा आहे, आणि त्याच्या मृत्यूनंतर काय, याबद्दल ते कलम काही बोलत नाही. माहिती मिळेलच असं वचन मी देत नाही, पण तुमची बाजू भक्कम आहे. नकार आला तर तीस दिवसांत पहिलं अपील करा. तिथेही नाही म्हणाले तर नव्वद दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे जा.

नेमकं काय मागायचं, हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. तेव्हा १९१२ चा इंडियन लुनसी अ‍ॅक्ट लागू होता. घरच्यांनी दाखल करायचं तर मॅजिस्ट्रेटकडे अर्ज आणि सोबत दोन डॉक्टरांचे दाखले लागत. डॉक्टरने स्वतः काय पाहिलं आणि इतरांनी त्याला काय सांगितलं, हे दाखल्यात वेगवेगळं लिहावं लागे. नुसत्या ऐकीव गोष्टींवर हुकूम काढता येत नसे. म्हणून अर्ज, दोन्ही दाखले, हुकूम आणि दाखल रजिस्टरमधलं तिचं पान, यांच्या प्रमाणित प्रती मागा. फाईल नष्ट झाली म्हणाले तर ती नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत मागा. दाखला हाती आला आणि त्यात समजा "उलट बोलते, कामं करत नाही" असं काही लिहिलेलं असलं, तर ते डॉक्टरने पाहिलं की सासऱ्यांनी सांगितलं, ते तपासा. त्या काळी कित्येक बायकांचं सगळं आयुष्य या एका फरकावर ठरलं असेल, आणि आज तिच्या बाजूने तो तपासणारं तुमच्याशिवाय कोणी नाही.

काकांची धमकी पोकळ आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ मध्ये मृत व्यक्तीची बदनामी येते हे खरं, पण त्यासाठी जवळच्या नातेवाइकांच्या भावना दुखावण्याचा हेतू लागतो. तिचं नाव, तारखा आणि शेवटची वर्षं कुठे गेली एवढं लिहिण्यात तो हेतू कुणाला दिसणार? निदानाचं नाव छापू नका, असं माझं मत आहे. कागद बोलतो त्यापुढे जाऊन सासरच्यांवर आरोपही करू नका, त्यांचे वंशज हयात आहेत. आणि छपाईला देण्याआधी तो मजकूर काकांना वाचून दाखवा.