परीक्षानळीत फुटतात, पेशींवर का नाही?

प्रश्न: बोरोनिक एस्टर (पेरॉक्साइडनं तुटणारा बोरॉनचा बंध) जोडलेल्या पॉलिमरचे नॅनोकण आम्ही बनवले. 10 मिलिमोलर हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये ते काही मिनिटांत औषध सोडतात. दाह निर्माण केलेल्या पेशींवर मात्र दिवस उलटला तरी काही घडत नाही. चूक कुठे?
– एम. फार्म.ची विद्यार्थिनी, सांगली

उत्तर: दोष कणांपेक्षा चाचणीचा. बोरोनिक एस्टर आणि पेरॉक्साइड यांची अभिक्रिया मुळातच संथ आहे. तिचा वेग-स्थिरांक प्रति मोलर प्रति सेकंद 1 च्या आसपास. हिशेब करून पाहा: 10 मिलिमोलरमध्ये निम्मे बंध सव्वा मिनिटात तुटतात, 100 मायक्रोमोलरमध्ये सुमारे दोन तास लागतात आणि 10 मायक्रोमोलरमध्ये तब्बल 19 तास. दाह झालेल्या ऊतीसाठी 100 मायक्रोमोलर हा आकडाही चढाच म्हणायचा. बंध कणाच्या तेलकट गाभ्यात दडलेला असेल, तर उशीर आणखी वाढतो.

मग पेशी वाढवायच्या मीडियमच्या डब्यावरची यादी वाचा. त्यात 1 मिलिमोलर पायरुवेट (पेरॉक्साइडशी अभिक्रिया करणारा पोषक घटक) असेल तर 100 मायक्रोमोलर पेरॉक्साइड तासाभरात जवळजवळ सगळं त्यातच खपतं. पायरुवेट नसलेलं मीडियम घ्या.

पेरॉक्साइडची बाटलीही तपासा. 30 टक्के द्रावण म्हणजे साधारण 9.8 मोलर. त्यातलं 10 मायक्रोलिटर घेऊन पाण्यानं 10 मिलिलिटर करा आणि क्वार्ट्झ क्युव्हेटमध्ये 240 नॅनोमीटरला प्रकाशाचं शोषण मोजा. ते 0.43 च्या जवळ यायला हवं. 0.3 आलं तर बाटली उतरली आहे.

कण फुटले तरी श्रेय लगेच पेरॉक्साइडला देऊ नका. दाहात तयार होणारं दुसरं ऑक्सिडीकारक, पेरॉक्सिनायट्राइट, हाच बंध सुमारे दहा लाख पट वेगानं तोडतं. एका गटात कॅटलेज (पेरॉक्साइड मोडणारं विकर) घाला. तरीही औषध सुटलं, तर कारण दुसरं. बंध तुटताना क्विनोन मेथाइड हा क्रियाशील रेणू बाहेर पडत असेल, तर तो पेशीचं रक्षण करणारं ग्लुटाथायोन खातो, म्हणजे औषधाविनाही परिणाम दिसू शकतो. म्हणून औषध न भरलेल्या कणांचा गट हवाच. शोधनिबंधांत नेमका तोच बऱ्याचदा गाळलेला दिसतो!

प्रश्न: अंधारात चमकणाऱ्या कांड्यांचं रसायन शरीराच्या चित्रणात वापरतात, हे खरं का?

उत्तर: खरं. दोन्हीकडे पेरॉक्सालेट एस्टर, पेरॉक्साइड आणि रंगद्रव्य. कांडीत पेरॉक्साइडची कुपी फोडावी लागते, इथे दाह झालेली ऊतच ते पुरवते. अमेरिकेत नीरेन मूर्ती यांच्या गटानं 2007 मध्ये असे कण वापरून उंदरांमध्ये पेरॉक्साइडचं चित्रण केलं. हा एस्टर नुसत्या पाण्यानंही तुटतो, म्हणून कण कोरडे ठेवून ऐनवेळी पाण्यात मिसळावेत. उंदरातून हा मंद उजेड बाहेर येतो, माणसाच्या पोटातून नाही.