शो तोंडावर आणि मुलगी उसवत बसलेली

‘मुलगी फॅशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. पदवीचा शो तोंडावर आलाय आणि ही रात्र रात्र शिवलेलं उसवत बसते. जेवायचं भान नाही, फोन केला की चिडते. आता म्हणते, शोमध्ये भागच घेणार नाही. जबरदस्ती करावी की सोडून द्यावं?’

उन्हाळा लागला की अशा अर्थाचे फोन मला हमखास येतात, बहुतेक आयांचे. उत्तर म्हणून एका मुलीची गोष्ट सांगते. तिला इथे ऋतुजा म्हणू. ओळख पटेल असे तपशील अर्थातच बदलले आहेत.

ऋतुजा सोलापूरची, शिकायला पुण्यात. वडील चादरीच्या कारखान्यात, आई घरी ब्लाउज शिवते. तिचं सहा पोशाखांचं कलेक्शन सोलापुरी चादरीवर बेतलेलं होतं. जॅकेट, घेरदार स्कर्ट, एक लांब कोट. नक्षी विणणाऱ्या जॅकार्ड मागावरचं ते जाड सुती कापड मापात बसवणं सोपं नाही. दोन पदर एकावर एक आले की शिवण फुगते, कापलेली कड लगेच सुटायला लागते. हे सगळं तिने पहिल्याच भेटीत मला समजावून सांगितलं, तेही इतक्या उत्साहाने, की ही शो सोडायला निघालेली मुलगी असेल असं वाटेना.

मग तिने मोबाइलमधले फोटो दाखवले. एकाच जॅकेटची एकच बाही, वेगवेगळ्या रात्रींची. खांद्याशी दोरा काढलेल्या जागी सुईची भोकं रांगेने उघडी पडली होती आणि कडेचे धागे निघून शिवणीसाठी सोडलेली जादा पट्टी, म्हणजे माया, जवळपास संपली होती. म्हणजे दुरुस्तीच आता कापड खात होती. “अजून एकदा बसवली की होईल,” ती म्हणाली. फॅकल्टीने हीच बाही आधीच पास केली होती.

घरच्यांना कोडं पडतं ते हेच. रॅम्पवर चालायचं मॉडेलने, हिने शेवटी फक्त नमस्काराला यायचं, मग एवढी भीती कसली? पण गाणाऱ्याला चुकलेला सूर पुढच्या आवर्तनात सावरता येतो. डिझायनरचं काम परक्या अंगावर चढून पडद्याबाहेर गेलं की तिच्या हातात काही उरत नाही. वर्षभराची मेहनत मिनिटांत पाहिली जाते, आणि पाहणारा काय म्हणाला हे तिला विंगेतून ऐकूही येत नाही. मग जे हातात आहे ते माणूस घट्ट धरतं. इथे तो उसवायचा रिपर होता.

त्यातून या मुलांच्या कानावर दंतकथाही पडलेल्या असतात. १९८४ साली लंडनच्या सेंट मार्टिन्स या कला महाविद्यालयातून बाहेर पडणाऱ्या, पुढे मोठा डिझायनर झालेल्या जॉन गॅलियानोचं अख्खं पदवी कलेक्शन ‘ब्राउन्स’ या दुकानाने उचललं. १९९२ साली तिथल्याच अलेक्झांडर मॅक्वीनचं इझाबेला ब्लो या फॅशन संपादिकेने विकत घेतलं. दोन्ही खरं आहे. पण त्यांच्या वर्गातल्या बाकीच्यांचं काय झालं, हे कोणी सांगत नाही. म्हणून शो म्हणजे एका रात्रीत लागणारा निकाल, असं डोक्यात बसतं. मला त्यापेक्षा आपल्याकडचे डिझायनर राहुल मिश्रा यांचं उदाहरण कामाचं वाटतं. केरळच्या हातमागाच्या कापडाचं कलेक्शन घेऊन ते २००६ मध्ये लॅक्मे फॅशन वीकच्या ‘जेननेक्स्ट’ या नवोदितांच्या शोमध्ये आले आणि आंतरराष्ट्रीय वूलमार्क पुरस्कार मिळाला २०१४ मध्ये. मधली आठ वर्षं कोणाच्या गोष्टीत येत नाहीत. अर्थात हे ऐकून ऋतुजाची भीती गेली नाही. मोठ्यांच्या गोष्टींनी कोणाचीच जात नाही. १९९३ च्या डिझायनर व्हिव्हियन वेस्टवुडच्या शोमध्ये सुपरमॉडेल नेओमी कॅम्पबेल उंच बूट घालून पडली होती आणि पडल्या पडल्या हसली होती, हे तिला माझ्याआधीच माहीत होतं. “ती नेओमी आहे, मॅडम,” असं म्हणून तिने विषय संपवला.

म्हणून मी तिला नेमकं विचारलं, “शोमध्ये काय होईल असं वाटतं? लिहून काढ.”

तिने लिहिलं, ‘पहिलाच लुक आला की लोक हसतील.’ खोदून विचारल्यावर कळलं, की वर्गात फॅब्रिक दाखवताना कोणीतरी म्हणालं होतं, “झोपायला निघालीस का?” सगळे हसले होते, तीही हसली होती.

“आणि परत हसले तर? कोणाला लागेल?”

बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “पप्पा येणार आहेत शोला.”

कापड त्यांनी कारखान्यातून निवडून आणलेलं. लोक हसले तर ते आपल्या शिवणीला नाही, पप्पांच्या आयुष्यभराच्या कामाला हसणार, असं तिच्या मनाने धरलं होतं. हे ओझं बाहीच्या शिवणीत सापडणार नव्हतं, कितीही उसवलं तरी. तिथून आमचं काम खऱ्या अर्थाने सुरू झालं.

पहिलं, रिपर रूममेटच्या ताब्यात. दहा फुटांवरून दुसऱ्या माणसाला दिसेल तोच दोष दुरुस्त करायचा, तोही दिवसा. आईला हे भलतंच पटलं. “ट्रायल झाली की मी फक्त धागे कापते. नाहीतर एक ब्लाउज जन्मभर पुरेल,” त्या फोनवर म्हणाल्या. मी त्यांना सांगितलं, हे मुलीला तुम्हीच सांगा. माझ्या तोंडून तो सल्ला झाला असता.

दुसरं, एक छोटा प्रयोग. ते जॅकेट घालून हॉस्टेलच्या मेसमध्ये जेवायला जायचं आणि किती जण बघतील याचा अंदाज आधी लिहायचा. हे मी मनाने काढलेलं नाही. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात मानसशास्त्रज्ञ थॉमस गिलोविच आणि सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांना एका गायकाचं चित्र असलेला, घालायला लाज वाटेल असा टी-शर्ट घालून खोलीभर मुलांसमोर पाठवलं होतं. घालणाऱ्यांना वाटलं, निम्म्या जणांच्या लक्षात आलं असेल. प्रत्यक्षात जेमतेम पाव जणांच्या लक्षात आलं. २००० साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. ऋतुजाने ‘सगळे’ असं लिहिलं होतं. आल्यावर जरा हिरमुसून सांगते, एकीने विचारलं, उकडत नाही का? बाकीच्या पनीर संपायच्या आत रांगेत पोचायच्या घाईत होत्या.

तिसरं अगदी साधं. बॅकस्टेजला रिकामं उभं राहायचं नाही. प्रत्येक लुकच्या हँगरला फोटो, क्रम आणि दागिन्यांची पिशवी लावायची. सेफ्टी पिना, डबल टेप आणि सुईदोरा कमरेच्या पाऊचमध्ये ठेवायचा. ड्रेसर मुलींना कोणता हूक आधी लावायचा ते करून दाखवायचं. छातीत धडधडलं तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ घ्यायचा. धडधड थांबलीच पाहिजे असा हट्ट नको, धडधडतं ठेवूनही हूक लावता येतो.

वडिलांशी ती बोलली का? बोलली, पण मी ठरवून दिलेलं असं काही नाही. हसतील म्हणाली, तर ते म्हणाले, “हसू दे की. मी रजा टाकलीय.” बस.

आता आयांच्या मूळ प्रश्नाकडे. जबरदस्ती नको. पण ‘नको तर नको, सोड’ हेही लगेच म्हणू नका. शो टाळला की त्या क्षणी इतकं मोकळं वाटतं, की पुढच्या वेळी टाळणंच पहिलं सुचतं. ‘निर्णय रात्री दोनला घ्यायचा नाही, सकाळी खाऊन-पिऊन बोलू,’ एवढं म्हणा. ‘चार कपड्यांचं काय एवढं’ हे चुकूनही नको, आणि ‘तूच पहिली येणार’ हेही नको. काय अडलंय ते दाखवायला सांगा, आणि ती दाखवेल तेव्हा नीट बघा. झोप आणि जेवण सलग बरेच दिवस बिघडलं असेल किंवा ‘जगून काय उपयोग’ अशी भाषा येत असेल, तर शो बाजूला ठेवा आणि मानसोपचारतज्ज्ञांना गाठा. ‘टेलि-मानस’ या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येतं.

ऋतुजाने शो केला. पहिल्या लुकला मागच्या रांगेतून शिट्ट्या आल्या. त्या कौतुकाच्या की टिंगलीच्या, हे तिला आजही ठाऊक नाही. चौथ्या आणि पाचव्या लुकची अदलाबदल झाली, ती तिच्याशिवाय कोणाच्या लक्षात आली नाही. बक्षीस मिळालं नाही. नोकरीच्या मुलाखतीआधी तिला अजूनही झोप लागत नाही, पण पोर्टफोलिओ ती ठरल्या वेळी पाठवते.

वडिलांनी शो संपल्यावर ते जॅकेट हातात घेऊन आतून-बाहेरून तपासलं आणि म्हणाले, “अगं, नक्षी उलटी लागलीय.”

“मुद्दाम लावलीय, पप्पा.”

त्यांना ते अजून पटलेलं नाही.