टेक्सासमधल्या रँचवरच्या गड्याची, पुढे तेलविहिरीवर गेलेल्या कामगाराची वंशावळ कशी शोधायची?

तुमचा प्रश्न असा: पत्नीचे पणजोबा पश्चिम टेक्सासात आधी रँचवर (गुरांच्या मोठ्या कुरणावर) गडी होते, मग तेलविहिरींवर गेले, १९७१ साली वारले. हाती नाव आणि एक फोटो आहे, तर वंशावळ किती पिढ्या मागे जाईल? जाता जाता तुम्ही लिहिलंय, 'मजूर माणसाचे कागद कुठून असणार म्हणा.'

हे वाक्य मला झोंबलं. ते साफ चूक आहे आणि आपले लोक ते सर्रास बोलतात. आपल्याला सवय सातबारा, फेरफार, वारसनोंद अशी जमिनीच्या वाटेनं जायची. सालगड्याच्या बाबतीत ती वाट बंद असते. त्याने जिथे पगार घेतला, जिथे सरकारी माणसापुढे उभं राहून नाव सांगितलं, तिथे त्याचे कागद असतात.

सर्वात आधी सोशल सिक्युरिटीचा, म्हणजे अमेरिकेच्या सरकारी निवृत्तिवेतन योजनेत नंबर घेण्याचा, मूळ अर्ज मागवा. त्याला एसएस-५ म्हणतात. १९३५च्या कायद्यातून शेती आणि गुरांवरचे मजूर वगळले होते. नियमित शेतमजूर त्यात आले ते १९५१पासून. म्हणजे रँच सोडून तेल कंपनीत लागेपर्यंत या माणसाला बहुधा नंबरच नव्हता. नंबर द्यायला सुरुवातच १९३६च्या अखेरीस झाली; त्यानंतर तो तेलावर गेला असेल, तर ज्या दिवशी त्याने अर्ज भरला, जवळपास त्याच दिवसांत त्याने खोगीर उतरवून ठेवलं असणार. अर्जावर पूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मगाव, वडिलांचं नाव, आईचं माहेरच्या आडनावासह नाव, मालकाचं नाव-पत्ता, तारीख आणि सही असते. एका पानावर दोन पिढ्या, आणि त्याही त्याच्याच तोंडच्या.

नंबर सोशल सिक्युरिटीच्या मृत्यूसूचीत मिळेल. तिच्यात बहुतेक नोंदी १९६२ नंतरच्या आहेत, तुमचं साल बसतं. पहिले तीन आकडे बघा. ४४९ ते ४६७ टेक्सास, ४४० ते ४४८ ओक्लाहोमा, ५२५ किंवा ५८५ न्यू मेक्सिको. ते कार्ड कुठे काढलं ते सांगतात. जन्म कुठला ते त्यातून काढू नका, निम्मी चुकीची झाडं तिथेच फुटतात. मागताना मूळ अर्जाची छायाप्रत मागा. न्युमिडेंट नावाचा संगणकी गोषवारा घेतलात तर मालकाचं नाव हाती येत नाही. आणि आईवडील वारल्याचा पुरावा किंवा त्यांचा जन्म १२० वर्षांपूर्वीचा असल्याचं स्पष्ट लिहा, नाहीतर नेमकी त्यांचीच नावं काळी करून कागद येतो.

मग सैन्यभरतीची कार्डं. ५ जून १९१७चं कार्ड २१ ते ३० वयाच्या पुरुषांचं. त्यात कोणाकडे आणि कुठे कामाला हे विचारलंय, म्हणजे रँचचं नाव मिळतं. १२ सप्टेंबर १९१८च्या कार्डावर जवळचा नातेवाईक असतो. २७ एप्रिल १९४२चं कार्ड वयस्कांचं. त्यात 'तुमचा पत्ता ज्याला कायम ठाऊक असेल' अशा माणसाचं नाव आहे. फिरत्या कामगाराच्या बाबतीत तिथे बरेचदा बायकोऐवजी बहीण किंवा आई सापडते, आणि ती ज्या गावी राहते ते मूळ गाव निघतं.

जनगणनेत धंदा आणि उद्योग असे दोन रकाने १९१०पासून आहेत. तिथला शब्द नीट वाचा. 'टूल ड्रेसर' म्हणजे जुन्या केबल-टूल रिगवर (दोराला बांधलेलं जड हत्यार आपटून विहीर खोदणाऱ्या यंत्रावर) ड्रिलरच्या जोडीला बारा तासांची पाळी करणारा, भट्टीत बोथट बिट (खोदायचं टोक) तापवून घणाने ठोकून पुन्हा आकाराला आणणारा. 'रफनेक' रोटरी, म्हणजे बिट फिरवून खोदणाऱ्या, रिगवरचा मजूर. विहीर संपली की बिऱ्हाड हलायचं, म्हणून मुलांचे जन्म वेगवेगळ्या काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा भाग). 'पंपर' मात्र चालू विहिरी सांभाळणारा. तो लीजवरच्या (कंपनीने तेलासाठी भाडेपट्ट्याने घेतलेल्या जमिनीवरच्या) घरात वर्षानुवर्षं राहतो, त्याच्या मुलांची शाळा एकच असते. शब्दावरून शोध कुठे पसरायचा ते ठरतं. १९२०ची गणना १ जानेवारीची, रेंजर आणि बर्कबर्नेटची तेलगावं तंबू आणि भाड्याच्या खोल्यांनी गच्च भरली होती तेव्हाची. नावाने सापडला नाही तर त्या गावाचा गणना-प्रभाग उघडून पानं चाळा. १९४०च्या नोंदीत १ एप्रिल १९३५ला कुठे राहत होता हेही आहे, आणि वर्तुळातली फुली माहिती कोणी दिली ते दाखवते. माहिती शेजाऱ्याने दिली असेल तर वयावर विसंबू नका.

काउंटी कधी बनली ते आधी बघा. रेगन काउंटी १९०३ साली टॉम ग्रीन काउंटीतून निघाली, त्याआधीचे कागद तिच्या मुख्य गावी, सॅन अँजेलोत. लव्हिंग काउंटी तर १८९७ साली मोडली आणि १९३१ साली पुन्हा उभी राहिली.

आता 'आमच्या जमिनीत तेल होतं, कंपनीने लुबाडलं' हे. प्रत्येक टेक्सासी घरात ही गोष्ट आहे आणि लोक ती झाडाला चिकटवून मोकळे होतात. माझं ठाम मत आहे की काउंटी क्लार्कच्या दप्तरात खतांची देणार-घेणार सूची बघितल्याशिवाय ती लिहू नये. टेक्सासात जमिनीचा पृष्ठभाग आणि खालची खनिजं वेगवेगळी विकता येतात, आणि आजोबांनीच ती विकल्याचं खत पुष्कळदा सापडतं. न्यू मेक्सिकोत १९१६च्या पशुपालन होमस्टेड कायद्याखाली (वसून राहणाऱ्याला सरकारी जमीन देणारा कायदा) ६४० एकर घेतले असतील तर खनिजं पहिल्यापासून सरकारची होती, लुबाडायला काही नव्हतंच. पण त्याच दप्तरात 'अफिडेव्हिट ऑफ हेअरशिप', म्हणजे वारसांचं शपथपत्र, शोधा. लीज करण्याआधी कंपनीचा लँडमन (जमिनीचे हक्क तपासून करार करणारा माणूस) सगळे वारस हुडकून शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून शपथपत्र करून घ्यायचा: किती लग्नं, किती मुलं, कोण लहानपणी गेलं. आपल्या वारसनोंदीपेक्षा कितीतरी भरलेला कागद. गड्याची जमीन नसली तरी त्याच्या सासऱ्याची असू शकते.

रँचची पगारपुस्तकं मोठ्या कंपन्यांचीच टिकली. मॅटाडोरची लबक इथे टेक्सास टेक विद्यापीठात आहेत, एक्सआयटीची कॅनियनच्या पॅनहँडल-प्लेन्स संग्रहालयात. त्यात गडी टोपणनावाने असतात, म्हणून वरचं सगळं झाल्यावरच तिकडे जा. 'जे. टी.' असं नाव दिसलं तर विस्तार शोधत बसू नका; पुष्कळांचं नाव तेवढंच असायचं.

किती पिढ्या? १८५०च्या गणनेत सर्व स्वतंत्र माणसांची नावं आहेत, त्याआधी फक्त कुटुंबप्रमुखाचं. तिथपर्यंत जायला हरकत नसावी. हे मी गोऱ्या कुटुंबाला धरून लिहिलंय, ते आधीच सांगायला हवं होतं. पणजोबा कृष्णवर्णीय असतील तर १९१७च्या कार्डाचा खालचा डावा कोपरा (वंशाची खूण म्हणून) फाडलेला दिसेल, आणि पूर्वज गुलामीत असतील तर गणनेत नावानिशी ते पहिल्यांदा १८७० साली भेटतात. मेक्सिकन वाकेरो (गुराखी) असतील तर आईचं आडनाव शेवटी येतं, कारकुनाने तेच आडनाव म्हणून लिहिलेलं असतं. दोन्ही आडनावांनी शोधा आणि चर्चच्या बाप्तिस्मा-वह्यांपासून सुरुवात करा.