भाड्याने देण्यासाठी पहिलं घर घेताना

दलाल सांगतो तो परतावा ढोबळ, म्हणजे खर्च वजा न करता काढलेला असतो. घराची किंमत, नोंदणी आणि वकिलाच्या खर्चासकट, १०० धरा. वर्षाचं भाडं ६. एक महिना घर रिकामं राहील, ०.५ वजा. दुरुस्ती, कर, विमा मिळून आणखी १.५. उरले ४. कर्जाचं व्याज ८ टक्के असेल, तर उसन्या घेतलेल्या दर १०० मागे वर्षाला ४ खिशातून जातात, मुद्दल वेगळंच. भाव वाढेल या भरवशावर हे रेटायचं असेल, तर तो जुगार आहे एवढं तरी स्वतःशी कबूल करा. सहा महिन्यांचे हप्ते बाजूला असल्याशिवाय आणि मालकीचे कागद स्वतःच्या वकिलाने (विकणाऱ्याच्या नव्हे) तपासल्याशिवाय बयाणा देऊ नका.